दिल्ली, दोन तास दहा मिनिटं

तिकिटावर दोन तास दहा मिनिटं. नकाशावर अकराशे चाळीस किलोमीटर. मग बोरिवलीतल्या घराची बेल वाजवायला मला सहा तास का लागतात? एका वीकेन्ड-लेकीचा हिशेब.

लग्नानंतर दिल्लीला शिफ्ट व्हायचं ठरलं तेव्हा आईची समजूत घालायला माझ्याकडे एकच डायलॉग होता. 'अगं आई, दोन तासांवर तर आहे!' तो मी इतक्या वेळा मारला की शेवटी शेवटी शेजारच्या काकूंनाही पाठ झाला. बोरिवलीहून चर्चगेटला जाऊन परत यायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात मी तुझ्या दारात, असंही वर सांगून झालं. आईला ते पटलं. किंवा पटल्यासारखं तिनं दाखवलं. आयांचं तसंच असतं.

बाबांना मात्र पटलं नाही. बाबा पश्चिम रेल्वेच्या बुकिंग ऑफिसातून रिटायर झाले. त्यांच्या जगात अंतर एकाच गोष्टीनं मोजतात, रुळांनी. मी 'दोन तास' म्हटलं की ते पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचे, 'तेराशे चौऱ्याऐंशी.' मुंबई सेंट्रल ते नवी दिल्ली, १,३८४ किलोमीटर. 'बाबा, विमानाचं अंतर वेगळं असतं,' असं म्हटलं की उत्तर यायचं, 'तू काय हवेत राहणार आहेस का तिथे?'

तेव्हा मी हसायचे. २०२४ च्या जानेवारीतल्या एका रात्रीनंतर हसणं थांबलं. त्या रात्रीबद्दल पुढे सांगते. आधी जरा हे दोन तास दहा मिनिटं म्हणजे नेमकं काय, ते बघू.

सरळ रेघ आणि बाकीच्या रेघा

मुंबई आणि दिल्ली या दोन विमानतळांमधलं सरळ अंतर साधारण १,१४० किलोमीटर. विमानवाले ते सागरी मैलात सांगतात, सुमारे ६१४. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. 'सरळ' म्हणजे पृथ्वीच्या गोलाईवरून जाणारी सर्वात आखूड वाट. दोरा धरून ग्लोबवर ताणून बसवला तर तो जिथून जाईल ती.

आमच्या घरी ग्लोब नाही, पण रेल्वेचा जुना भिंतीवरचा नकाशा आहे. मागच्या दिवाळीत बाबांनी त्यावर फूटपट्टी ठेवली आणि मला मुद्दाम बोलावून दाखवलं. मुंबईहून दिल्लीला सरळ रेघ मारली की ती रतलाम आणि कोटा या दोन्ही स्टेशनांच्या अगदी जवळून जाते. तीस-एक किलोमीटरच्या आत. म्हणजे राजधानीची लाइन आणि विमानाची कागदावरची वाट मधल्या टप्प्यात जवळजवळ एकमेकींना बिलगतात. फरक पडतो तो आधी. गाडी किनाऱ्याकिनाऱ्यानं सुरत-वडोदऱ्यापर्यंत वर चढते आणि मग उजवीकडे वळून रतलाम गाठते. त्या वळशातच बहुतेक जादा किलोमीटर जातात. 'बघ,' बाबा म्हणाले, 'तुझं विमानपण आमच्याच लायनीवरून जातं.' आता हे ऐकून काय बोलणार?

विमान काही त्या फूटपट्टीच्या रेघेवरून जात नाही, ही गोष्ट वेगळी. आकाशातही ठरलेले रस्ते असतात. पाच-पाच अक्षरांची नावं दिलेले बिंदू असतात, एका बिंदूवरून दुसऱ्या बिंदूवर असं जायचं. उड्डाणाचा आणि उतरण्याचा मार्ग ठरलेला, लष्करासाठी राखलेली आकाशं टाळायची. शिवाय धावपट्टीचं तोंड ज्या दिशेला असेल त्या दिशेनं सुटायचं, दिल्ली मागे असली तरी. त्यामुळे प्रत्यक्ष कापलेलं अंतर थोडं जास्तच भरतं.

तरीही गणित सोपं आहे. या रूटवर सर्रास दिसणारं एअरबस ए-३२० उंचीवर गेल्यावर ताशी ८३०-८४० किलोमीटरच्या आसपास वेगानं जातं. नुसता भागाकार केला तर सव्वा ते दीड तासाच्या मधलं उत्तर येतं. चढताना आणि उतरताना वेग कमी असतो, ते धरा. चाकं जमीन सोडतात ते पुन्हा टेकतात, यात बहुतेक वेळा दीड ते पावणेदोन तास जातात. मग तिकिटावरचे दोन तास दहा मिनिटं कुठून आले?

इथे विमान कंपन्यांची एक सभ्य चलाखी आहे. तिकिटावर छापतात तो हवेतला वेळ नसतोच. विमान आपल्या जागेवरून मागे ढकललं जातं तिथपासून ते दुसऱ्या विमानतळावर ठरलेल्या जागी थांबून चाकांना अडसर लागतात तिथपर्यंतचा तो वेळ. म्हणजे धावपट्टीपर्यंतचं रांगणं, नंबर लागेपर्यंत थांबणं, उतरल्यावरचं रांगणं, सगळं त्यात आलं. वर थोडी उशिरासाठीची जागा ठेवलेली असते. रिक्षावाला 'अर्धा तास धरा' म्हणतो आणि वीस मिनिटांत पोहोचवतो, तसंच. म्हणूनच कधीतरी पायलट खुशीत सांगतो की आपण वेळेच्या पंधरा मिनिटं आधी उतरलोय, आणि सगळ्या केबिनला उगाचच काहीतरी फुकट मिळाल्यासारखं वाटतं. फुकट काही नसतं. ती पंधरा मिनिटं आधीच तिकिटात धरलेली होती.

वक्तशीरपणाचीही व्याख्या अशीच सैल. ठरलेल्या वेळेनंतर पंधरा मिनिटांच्या आत हललेलं विमान 'ऑन टाइम' धरलं जातं आणि डीजीसीए मोठ्या विमानतळांची त्याची टक्केवारी दर महिन्याला जाहीर करते. हे मी घरी सांगितलं तेव्हा बाबांचा चेहरा बघण्यासारखा होता. 'म्हणजे चौदा मिनिटं लेट ते राइट टाइम?' त्यांनी दोनदा विचारलं.

वाऱ्याबद्दलही थोडं सांगायला हवं, कारण 'जाताना कमी वेळ, येताना जास्त' हे कित्येकांच्या तोंडी असतं. हिवाळ्यात उत्तर भारताच्या आकाशात पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. मुंबईहून दिल्ली थेट उत्तरेला नाही, किंचित पूर्वेकडे कललेली आहे. म्हणून जाताना त्या वाऱ्याची थोडीशी ढकल मिळते आणि येताना थोडा अडथळा होतो. बहुतेक जोर बाजूनं लागतो, त्यामुळे फरक काही मिनिटांचाच पडतो. लंडन-न्यूयॉर्कसारखा तासभर नाही.

घड्याळ दोन्हीकडे एकच, सूर्य मात्र नाही. रेखांशाच्या हिशेबानं मुंबईची खरी दुपार दिल्लीच्या साधारण सतरा मिनिटं नंतर होते. आणि आपल्या शहराला तर वेगळ्या घड्याळाची हौस होतीच. भारतीय प्रमाणवेळ १९०६ मध्ये लागू झाली, तरी मुंबईत 'बॉम्बे टाइम' १९५५ पर्यंत चालत राहिला. प्रमाणवेळेच्या चक्क ३९ मिनिटं मागे. ही ३९ मिनिटं आज सोमवारी सकाळी हायवेवर कुणी परत दिली तर मी त्याचा सत्कार करीन.

दारापासून दारापर्यंत

मुंबई-दिल्ली हा जगातल्या सर्वात गर्दीच्या देशांतर्गत विमानमार्गांपैकी एक. गेली काही वर्षं तो पहिल्या दहाच्या यादीत येतोय. पहिला नंबर असतो दक्षिण कोरियातल्या सोल आणि जेजूचा, पण तिथे लोक हनिमूनला जातात. आपल्याकडे प्रेझेंटेशनला जातात. सोमवारचं पहाटेचं विमान बघा. निळे शर्ट, लॅपटॉपच्या बॅगा, अर्धे डोळे मिटलेले. माझी एक मैत्रीण कन्सल्टन्सीत आहे. सोमवारी सकाळी जाते, गुरुवारी रात्री येते. तिच्या सोसायटीच्या वॉचमनला कित्येक महिने वाटत होतं की तिचा नवरा एकटाच राहतो. शुक्रवारच्या रात्रीची फ्लाइट वेगळी. तिच्यात माझ्यासारखे लोक असतात. एक शहर नोकरीचं, एक शहर माणसांचं. आमच्या तिकिटाचे भाव शुक्रवार संध्याकाळ जवळ येईल तसे चढत जातात, कारण आम्हाला दुसरा पर्याय नाही हे कॉम्प्युटरला आमच्या आधी कळतं.

तर सुटायची वेळ समजा संध्याकाळी सात. बहुतेक कंपन्यांचं चेक-इन काउंटर उड्डाणाच्या एक तास आधी बंद होतं. बोर्डिंग गेट त्यानंतर अर्ध्याएक तासात. म्हणजे साडेपाचला तरी विमानतळावर हवं. मालवीय नगरच्या आमच्या घरून मेट्रो घेतली तर हौज खासला बदलून थेट टर्मिनल एकपर्यंत जाता येतं, २०१८ मध्ये ती लाइन झाली. विमान टर्मिनल तीनवरून असेल तर टॅक्सी. २०२२ च्या डिसेंबरपासून दिल्लीत 'डिजियात्रा' आली, कॅमेऱ्यात चेहरा दाखवून आत. तिथे वाचलेली दहा मिनिटं सिक्युरिटीच्या रांगेत जातात, कारण पुढच्या काकांच्या बॅगेत नेहमी एक लोणच्याची बरणी निघते. (दिल्लीहून मुंबईला लोणचं. का?)

मुंबईत उतरल्यावर दुसरा अंक सुरू. मुंबईच्या विमानतळाला धावपट्ट्या दोन, पण त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. तिच्यावरून दिवसाला नऊशेहून जास्त विमानं जातात-येतात. म्हणून तर डहाणू दिसलं, आता आलोच, असं वाटत असताना विमान हळूच कलतं आणि गोल फिरायला लागतं. हे घिरट्या घालणं इतकं वाढलं होतं की २०२४ च्या फेब्रुवारीत सरकारनं गर्दीच्या तासातली विमानांची संख्या ४६ वरून ४४ वर आणायला लावली. तेव्हा गर्दीच्या वेळी विमानं ४० ते ६० मिनिटं हवेत थांबत होती, असं सरकारनंच सांगितलं. खाली वसईची खाडी, मीठागरं, बोरिवलीचं हिरवं जंगल. आमची बिल्डिंग मला खिडकीतून दिसते, किंवा दिसते असं मी मानते. आई आत वरणाला फोडणी देत असेल. मी वरून तिसरी घिरटी घालत असते.

पुढे टर्मिनल दोनहून बोरिवली. हायवे मोकळा असेल तर चाळीस मिनिटं. तो मोकळा नसतो. आता मेट्रो आहे. विमानतळाखालून मेट्रो तीननं एक स्टेशन, मरोळ नाका. तिथे मेट्रो एक, मग पश्चिम द्रुतगती महामार्ग स्टेशनला उतरून पुलावरून गुंदवली आणि तिथून मेट्रो सात. दोनदा गाडी बदलायची, पण वेळेचा भरवसा आहे. बॅग एकच असेल तर मी हेच करते.

हे सगळं मी एवढ्या बारकाईनं सांगू शकते, कारण आमच्या घरी याची नोंद आहे. ती नोंद कशी सुरू झाली हे सांगायचं, तर त्या रात्रीकडे यावं लागेल.

ती रात्र

रात्री पावणेदहा वाजता दादाचा फोन आला. एरवी तो मेसेज करतो. 'घाबरू नकोस' असं कुणी पहिलंच वाक्य बोललं की काय होतं ते तुम्हाला माहीत असेल. बाबांच्या छातीत दुखायला लागलं होतं. जवळच्याच हॉस्पिटलमध्ये आयसीयूत होते. सकाळी अँजिओग्राफी. आई बरोबर होती. 'तू ये. पण घाईत काही करू नकोस,' दादा म्हणाला. ही दोन वाक्यं एकत्र कशी जमवायची?

रात्रीची शेवटची विमानं भरलेली किंवा हाताबाहेर गेलेली. सकाळी सहा वीसचं तिकीट मिळालं. पोहोचण्याची वेळ साडेआठ. मी दादाला म्हटलं, अँजिओग्राफीच्या आधी पोहोचते. आईला फोनवर पुन्हा तेच म्हणाले. दोन तास, आई.

पहाटे साडेतीनला मी आणि नवरा घराबाहेर पडलो तेव्हा रस्त्यावरचे दिवे होते, पण खांब नव्हते. फक्त हवेत तरंगणारे पिवळे गोळे. टॅक्सीवाला पुढच्या ट्रकचा मागचा दिवा धरून चालवत होता. दिल्लीचं धुकं मी आधी पाहिलं होतं, इन्स्टाग्रामवर टाकलंही होतं. त्या दिवशी पहिल्यांदा ते माझ्या आड आलं.

हे धुकं होतं कसं, हे मी नंतर वाचलं. हिवाळ्यात रात्री आकाश निरभ्र असतं, जमिनीतली उष्णता भराभर वर निघून जाते आणि जमीन गार पडते. तिला चिकटलेली दमट हवाही गार होते. वारा जवळपास नसतोच. मग त्या हवेतली वाफ जागच्या जागी थेंब होऊन लटकते. पाऊस पडून गेल्यावर आकाश स्वच्छ झालं की आणखी दाट. सगळ्यात वाईट वेळ पहाट आणि सूर्योदयानंतरचे काही तास. म्हणजे नेमकं माझं सहा वीसचं विमान.

विमानतळ अशा वेळी डोळ्यांवर विसंबत नाही. धावपट्टीच्या कडेला उपकरणं असतात, पायलटला धावपट्टीवर किती मीटरपर्यंत दिसेल ते ती मोजतात. दिल्लीला सगळ्यात प्रगत उतरण्याची यंत्रणा आहे, तिच्यामुळे पन्नास मीटर दिसत असलं तरी विमान उतरू शकतं. मात्र विमान तसं सज्ज हवं आणि दोन्ही पायलटांचं तेवढं प्रशिक्षण झालेलं हवं. गंमत अशी की उडायला त्याहून जास्त दिसावं लागतं, साधारण १२५ मीटर. कारण उतरताना यंत्र मदतीला असतं, पण उडताना धावपट्टीच्या मधल्या रेघेवर विमान पायलटलाच ठेवायचं असतं, आणि ऐन वेळी थांबवायचं ठरलं तर तेही त्यालाच. म्हणजे माझ्यासमोर विमानं उतरत होती आणि आमचं जागचं हलत नव्हतं. त्या वेळी मला हे माहीत नव्हतं. मला फक्त राग येत होता.

सव्वासहाला आम्हाला विमानात बसवलं. दार बंद झालं. सात वाजले. आठ. हवाई सुंदरीनं पाणी दिलं. साडेआठला, म्हणजे मी मुंबईत असायला हवी होते तेव्हा, पायलटनं सांगितलं की आपला नंबर विसावा आहे. साडेनऊला दादाचा मेसेज आला, 'आत नेलंय.' मी तो वाचला आणि खिडकीबाहेर बघितलं. शेजारच्या विमानाची फक्त शेपूट दिसत होती. माझ्या बाजूचा मुलगा, असेल बावीस-तेवीसचा, फोनवर कुणालातरी सांगत होता की त्याची मुलाखत गेली. मला त्याला सांगावंसं वाटलं की माझे बाबा आत आहेत. सांगितलं नाही. दोघंही खुर्चीच्या पाठीवरचं सेफ्टी कार्ड वाचत बसलो.

दहा वाजून पन्नास मिनिटांनी विमान उडालं. दोन मिनिटांत धुक्याच्या वर आलं आणि एकदम लख्ख ऊन. खाली पांढरी गादी पसरलेली, वर निळं आकाश. इतका वेळ हे सगळं फक्त काहीशे फूट उंचीच्या एका थरानं अडवलं होतं. मुंबईवर वीस मिनिटं घिरट्या. पावणेएकला चाकं टेकली. बारा पंचावन्नला दार उघडलं. सव्वादोनला मी हॉस्पिटलमध्ये. घरून निघाल्यापासून पावणेअकरा तास. त्यातले हवेत एक तास पंचावन्न मिनिटं.

एक स्टेंट घातला होता. बाबा जागे होते. तोंड कोरडं, हाताला सुई. मी जवळ गेले तर त्यांनी विचारलं, 'किती लेट?'

'चार तास पंचवीस मिनिटं,' मी म्हटलं आणि मग रडले.

वही

त्याच महिन्यात गोव्याहून दिल्लीला निघालेलं एक विमान धुक्यामुळे मुंबईत उतरवलं गेलं आणि कंटाळलेले प्रवासी विमानाशेजारीच जमिनीवर बसून जेवले. तो व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल. लोक हसत होते. मला काही हसू येईना. त्याच सुमारास डीजीसीएनं कंपन्यांना सांगितलं की तीन तासांहून जास्त उशीर होणार हे दिसत असेल तर विमान आधीच रद्द करायला हरकत नाही, म्हणजे लोक विमानतळावर अडकून पडणार नाहीत. नियम असाही आहे की अशा छोट्या पल्ल्याच्या उड्डाणाला दोन तासांहून जास्त उशीर झाला तर खाणंपिणं द्यायचं. आम्हाला मिळालं होतं. चीज सँडविच. मी ते आजही खाऊ शकत नाही.

बाबा घरी आले. जिने चढायची बंदी, बाजारात जायची बंदी. करायला काही नाही म्हटल्यावर त्यांनी एक लांबट वही काढली, रेघा मारल्या. सुटणे, पोहोचणे, लेट, शेरा. माझ्या प्रत्येक फेरीची नोंद. घरातून किती वाजता निघाली, विमान कधी हललं, कधी टेकलं, घराची बेल कधी वाजली. मी फोनवरून वेळा सांगायच्या, त्यांनी लिहायच्या. दादा म्हणतो, बाबांना पुन्हा ड्युटी लागली.

आजपर्यंत बावीस फेऱ्या झाल्या. सर्वात कमी वेळ चार तास पन्नास मिनिटं, एका मंगळवारी दुपारी, दोन्हीकडे मेट्रो. सर्वात जास्त ती धुक्याची, जी त्यांनी आठवून पहिल्या ओळीत लिहिली. सरासरी सहा तासांच्या जरा वर. बाबांनी यावरून माझा खरा वेगही काढलाय. १,१४० भागिले सहा, ताशी १९० किलोमीटर. राजधानी १,३८४ किलोमीटर साडेपंधरा तासांच्या आसपास कापते, ताशी ९० च्या जवळपास. 'दुप्पट आहे,' ते मोठ्या मनानं म्हणाले. १९७२ च्या मे महिन्यात मुंबईची राजधानी सुरू झाली तेव्हा एकोणीस तासांहून थोडं जास्त लागायचं, हेही त्यांनी सांगितलं. दिल्लीचा विषय निघाला की ते हे सांगतातच.

वहीतून काही कामाच्या गोष्टी निघाल्या, त्या तुम्हालाही सांगते. एक विमान दिवसभरात पाच-सहा फेऱ्या मारतं. सकाळी एका ठिकाणी झालेला उशीर ते संध्याकाळपर्यंत गावोगाव वाटत फिरतं. म्हणून एरवी पहाटेचं पहिलं विमान सगळ्यात भरवशाचं, ते रात्रभर तिथेच उभं असतं. पण डिसेंबर-जानेवारीत दिल्लीहून निघायचं असेल तर हाच नियम उलटा. तेव्हा दुपारी बारा ते चारच्या मधलं घ्या. आणि मुंबईत संध्याकाळी सात ते नऊ उतरायचं टाळा. वहीतल्या बहुतेक घिरट्या त्याच वेळच्या आहेत.

एक गोष्ट मात्र वहीत बसत नाही. डॉक्टरांनी सांगितलंय की दुसऱ्या एका रक्तवाहिनीकडे लक्ष ठेवावं लागेल. लक्ष म्हणजे काय, ते त्यांनाही नक्की सांगता येत नाही. नवऱ्याला मुंबईतली एक ऑफर आली आहे. पगार थोडा कमी, पद तेच. माझं काम फ्रीलान्स, लॅपटॉप कुठेही उघडतो. पण दिल्लीत मला आता कुठे नियमित कामं मिळायला लागलीत, आणि नवऱ्याचं गुडगावमधलं टीमचं काम मधेच सोडायची त्याची तयारी नाही, हेही तितकंच खरं. महिनाभर आम्ही दोघं जेवताना हाच विषय बोलतोय. तो म्हणतो, सहा तास म्हणजे काही फार नाही, अमेरिकेतल्या मुलांचा विचार कर. मी म्हणते, त्यांनी 'दोन तास' असं सांगितलेलं नसतं.

आईला मी मध्यंतरी खरं सांगून टाकलं. 'आई, सहा तास लागतात गं. हिवाळ्यात दहासुद्धा.' ती मेथी निवडत होती. म्हणाली, 'मला माहितीय. मी तुला एअरपोर्टवर सोडून आले की घड्याळ लावूनच बसते.' म्हणजे सुरुवातीपासून. माझा 'दोन तास' हा डायलॉग ती एवढी वर्षं नुसता ऐकून घेत होती.

गेल्या रविवारी रात्री परत आले. विमान बारा चाळीसला टेकलं. रांगता रांगता मी मेसेज केला, 'उतरले. ३५ मिनिटं लेट.' अर्ध्या मिनिटात दोन्ही टिका निळ्या झाल्या. हृदयाच्या पेशंटनं रात्री एकला जागं राहू नये असं डॉक्टरांनी लिहून दिलंय. ते कागदपत्र त्याच वहीत ठेवलेले असतात. मी 'झोपा आता' असं टाइप करत होते, तेवढ्यात फोन वाजला. आई होती.

'बाबा विचारतायत, विमान हललं कधी? तो रकाना रिकामा राहिलाय. आणि जेवलीस का?'